विजयदेवी ते क्रूस : रोमन सुवर्णनाण्यांवरील चिन्हांची वाटचाल

कर द्यावा की देऊ नये, या प्रश्नात येशूला गुंतवू पाहणाऱ्यांची कथा आपण मिस्सामध्ये कितीदा तरी ऐकली आहे. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही ती नोंदवली आहे. येशू नाणे मागवून घेतो आणि त्यावरचा चेहरा व लेख कोणाचा, एवढेच विचारतो. प्रवचनात भर असतो तो त्याच्या उत्तरावर, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रश्नकर्त्यांनी त्या नाण्यावर प्रत्यक्ष काय पाहिले असेल, याचाही क्षणभर विचार करावयास हवा.

ते बहुधा सम्राट टायबेरियस (इ. स. १४–३७) याचे चांदीचे 'देनारियस' असावे. पुढील बाजूस लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेला सम्राटाचा चेहरा आणि भोवती लेख : टायबेरियस कैसर ऑगस्टस, दिव्य ऑगस्टसचा पुत्र. पाठीमागे हाती राजदंड व डहाळी घेऊन बसलेली एक स्त्री आणि 'मुख्य पुरोहित' अशी सम्राटाची पदवी. हीच पदवी कित्येक शतकांनी पोप महाशयांच्या नावाशी जोडली गेली, हा इतिहासाचा आणखी एक खेळ. एकाच देवाला मानणाऱ्या यहुदी माणसाच्या हाती रोमने दिलेली ही वस्तू म्हणजे नुसता पैसा नव्हता. 'देवाचा पुत्र कोण' या प्रश्नाचे सरकारी उत्तर त्यावर ठोकलेले होते. टायबेरियसच्या सोन्याच्या नाण्यांवरही तोच चेहरा, तोच लेख आणि तीच बसलेली स्त्री आढळते.

आम्ही या लेखात सोन्याच्याच नाण्यांकडे वळत आहोत, आणि त्याला कारण आहे. कॉन्स्टंटाईनने आकाशात क्रूस पाहिला, लढाई जिंकली, आणि रोमचे राज्य ख्रिस्ती झाले, अशी एक सरळ कहाणी आपल्या मनात बसलेली असते. टांकसाळीचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. देवदेवतांच्या जागी क्रूस आणि मग ख्रिस्ताचा चेहरा येण्यास कॉन्स्टंटाईनच्या विजयानंतर जवळजवळ चारशे वर्षे लागली. आणि तो आला तेव्हा कोणाच्या हातून आला, हे पाहिले म्हणजे मन थोडे अस्वस्थ होते.

रोमच्या सोन्याच्या नाण्याला 'ऑरियस' म्हणत. ज्युलियस सीझरने इ. स. पूर्व ४६ मध्ये ते मोठ्या प्रमाणावर पाडले. एका रोमन रत्तलात चाळीस, म्हणजे प्रत्येकी सुमारे ८ ग्रॅम. पंचवीस देनारियस म्हणजे एक ऑरियस. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात दिवसाची मजुरी एक देनारियस ठरते, हे लक्षात घेतले तर एक ऑरियस म्हणजे पंचवीस दिवसांचे कष्ट. मजुराच्या हाती तो क्वचितच पडत असेल. सैनिकांना द्यावयाची बक्षिसे, अधिकाऱ्यांचे वेतन, दूरचा व्यापार यांसाठी सोने वापरले जाई. म्हणून सोन्यावरची चित्रे ही राज्याने आपल्या खांबांशी केलेली बोलणी होती.

ती बोलणी स्पष्ट असत. इजिप्त जिंकल्यावर ऑगस्टसने सोन्यावर मगर कोरली आणि 'इजिप्त घेतला' असे लिहिले. ओकच्या पानांचे कडे पंजात धरलेला गरुड सांगे, की याने नागरिकांचे प्राण वाचवले. व्हेस्पासियनच्या काळातले एक नाणे मात्र आपल्याला अधिक जवळून बोचते. त्यावर एक स्त्री खाली बसून शोक करीत आहे आणि खाली एकच शब्द आहे : यहुदिया. इ. स. ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर जळाले, त्याची ही सोन्यातली जाहिरात. तिच्या मागे उभा आहे तो विजयस्तंभ, म्हणजे आडव्या दांडीच्या खांबावर टांगलेले शत्रूचे चिलखत व ढाली.

या खांबाच्या आकाराकडे त्या काळच्या ख्रिस्ती लेखकांचे लक्ष गेले होते. दुसऱ्या शतकाच्या मध्यास संत जस्टिन यांनी सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या आपल्या समर्थनग्रंथात, रोमची निशाणे आणि विजयस्तंभ नकळत क्रूसाचाच आकार धारण करतात, असे दाखवून दिले. त्यांचा रोख नाण्यांवर नव्हता, पण तो खांब नाण्यावरही होताच. क्रूसावर मारलेल्या गुरूचे शिष्य मारणाऱ्यांच्याच विजयचिन्हात क्रूस वाचत होते. चिन्ह ज्याने कोरले त्याचेच राहते असे नाही, हे त्यांना फार लवकर उमगले होते.

अशी आणखी दोन पाखरे आहेत. सम्राट मरण पावून देवपदाला पोचला, असे जाहीर झाले की त्याच्या नाण्यावर गरुड येई. सम्राज्ञीच्या नाण्यावर जूनो देवीचा मोर. हाच मोर ख्रिस्ती लोकांनी रोमच्या भुयारी दफनभूमींच्या भिंतींवर रंगवला, अमर जीवनाची खूण म्हणून. हेड्रियनने इ. स. ११७ च्या सुमारास दिवंगत ट्राजनच्या सन्मानार्थ सोन्यावर फिनिक्स पक्षी कोरला. राखेतून पुन्हा जन्मणारा हा पक्षी म्हणजे राज्य मरत नाही, याची ग्वाही. त्याआधी सुमारे वीस वर्षे रोमचे धर्माध्यक्ष संत क्लेमेंट यांनी करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात याच पक्ष्याचा दाखला पुनरुत्थानासाठी दिला होता. एकाच पक्ष्याकडे दोघे पाहत होते, एकाला सिंहासन दिसत होते आणि दुसऱ्याला रिकामी कबर.

साम्राज्याच्या सीमेपलीकडे तर चित्राचा अर्थ आणखीच पालटे. मिऱ्यांसाठी, मलमलीसाठी रोमचे सोने हिंदुस्थानात येत होते. दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स हिंदुस्थान घेऊन जातो, अशी तक्रार प्लिनीने केली आहे. शंभर सेस्टर्सचा एक ऑरियस, म्हणजे पाच लाख सुवर्णनाणी. आकड्यात अतिशयोक्ती असेल, पण तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै येथे १८९८ मध्ये एकाच ठेव्यात ५०१ ऑरियस सापडले, तेव्हा प्लिनी अगदीच हवेत बोलत नव्हता असे म्हणावे लागते. त्या ठेव्यातील बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव आहे. तो सोने पारखण्यासाठी घातला की नाणे चलनातून काढण्यासाठी, यावर अभ्यासकांत एकमत नाही. एवढे मात्र खरे, की घाव घालणाऱ्याला कैसराच्या दिव्यत्वाची काही पर्वा नव्हती. त्याला सोने हवे होते.

तिसऱ्या शतकात साम्राज्य डळमळले. सम्राट येत, मारले जात, आणि नाण्याचे वजन घटत जाई. या धामधुमीत एक देव सर्वांवर चढला : अजिंक्य सूर्य. सम्राट ऑरेलियनने इ. स. २७४ मध्ये रोममध्ये त्याचे भव्य मंदिर उभारले, आणि मस्तकाभोवती किरणे असलेला हा सूर्यदेव नाण्यांवर 'सम्राटाचा सोबती' म्हणून मिरवू लागला.

येथे कॉन्स्टंटाईन येतो. २८ ऑक्टोबर ३१२ रोजी मिल्वियन पुलाजवळ त्याने मॅक्सेंटियसचा पराभव केला. पुढल्याच वर्षी ख्रिस्ती लोकांना धर्मस्वातंत्र्य मिळाले. त्याच ३१३ साली टिसिनम, म्हणजे आजच्या पाविया येथील टांकसाळीत सोन्याचे एक मोठे पदक पाडले गेले. ते पॅरिसला जतन केलेले आहे. त्यावर कॉन्स्टंटाईनच्या चेहऱ्याला लागून दुसरा चेहरा आहे, आणि तो ख्रिस्ताचा नाही. तो सूर्यदेवाचा आहे. सम्राटाच्या ढालीवरही सूर्याचाच रथ. दोन वर्षांनी, ३१५ च्या एका चांदीच्या पदकावर सम्राटाच्या शिरस्त्राणात ख्रिस्ताच्या ग्रीक नावाची पहिली दोन अक्षरे एकात एक गुंफलेली दिसतात. पण इतकी लहान, की शोधावी लागतात. सोन्यावरून सूर्यदेव मावळण्यास ३२५ साल उजाडले.

यावरून कॉन्स्टंटाईन ढोंगी होता, असा निष्कर्ष काही जण काढतात. आम्हांस तो पटत नाही. ज्याच्या सैन्यातील बहुसंख्य शिपाई जुन्या देवांचे भक्त होते, तो त्यांच्या हाती द्यावयाच्या सोन्यावर एकदम नवी भाषा बोलू शकत नव्हता. शिवाय माणसाचे मन रातोरात पालटले तरी त्याची सवय पालटत नाही.

कॉन्स्टंटाईनने नाण्याचे वजनही नव्याने ठरवले. रत्तलात बहात्तर, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम. नाव 'सॉलिडस', भरीव. त्याचे चोवीस भाग मानले जात, आणि भागाचे नाव कॅरोबच्या बीवरून पडले होते. सराफाच्या दुकानात आपण आजही 'चोवीस कॅरेट' म्हणतो, त्याचा धागा येथवर जातो.

३२४ नंतरच्या त्याच्या काही सोन्याच्या नाण्यांवर सम्राटाचे डोळे वर, आकाशाकडे लागलेले आहेत. कैसरियाचे धर्माध्यक्ष युसेबियस यांनी कॉन्स्टंटाईनच्या चरित्रात याचा मुद्दाम उल्लेख केला आणि सम्राट देवाची प्रार्थना करीत आहे, असा अर्थ लावला. पण अशी ऊर्ध्व दृष्टी अलेक्झांडरच्या आणि त्याच्यामागून आलेल्या ग्रीक राजांच्या प्रतिमांतही होती, आणि जुन्या धर्माच्या माणसाला तेथे अलेक्झांडर दिसला असेल. कॉन्स्टंटाईनला दोघेही वाचक हवे होते, असे आम्हांस वाटते.

विजयदेवी मात्र हलली नाही. पंख असलेली ही रोमन देवता ख्रिस्ती सम्राटांच्या सोन्यावर पुढेही पिढ्यान्‌पिढ्या राहिली. इ. स. ४२० च्या सुमारास, दुसऱ्या थिओडोसियसच्या कारकिर्दीत, तिच्या हाती उंच क्रूस आला. पंख तेच, वस्त्र तेच. फक्त हातातली वस्तू नवी.

याच घराण्यातील एका विवाहाचे नाणे आपल्या वाचकांस विशेष आवडेल. जुन्या रोममध्ये राजघराण्यातील विवाहाच्या नाण्यावर वधूवर हातात हात देत आणि दोघांच्या मध्ये सलोख्याची देवता कॉन्कॉर्डिया उभी असे. मार्कस ऑरेलियस व फाउस्टिना यांच्या विवाहाचा ऑरियस असाच आहे. ४३७ मध्ये थिओडोसियसने आपल्या मुलीचे लग्न लावले, तेव्हा नाण्यावर तो स्वतःच मध्ये उभा राहिला. आणि ४५० मध्ये त्याची बहीण पल्केरिया हिने मार्शियनशी विवाह केला, तेव्हा दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून मध्ये उभा आहे तो ख्रिस्त. पल्केरियाने कौमार्याचे व्रत घेतले होते आणि हा विवाह ते व्रत राखूनच झाला. या विवाहाचे एकच सुवर्णनाणे उरले आहे. ते ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आहे. विवाह हा संस्कार ख्रिस्ताच्या साक्षीने होतो, हे आपण आज सहज बोलून जातो. ते चित्रात पाहावयाचे तर या नखाएवढ्या सोन्यात पाहावे.

क्रूसधारी विजयदेवीचे हे नाणे आपल्या समुद्रातही फिरत होते. सहाव्या शतकातील अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मास याने आपल्या ग्रंथात 'कल्लियाना' येथे पर्शियातून नेमलेला एक धर्माध्यक्ष असल्याचे लिहिले आहे. ते ठिकाण म्हणजे आपले ठाणे जिल्ह्यातील कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. याच कॉस्मासने सोपात्रोस नावाच्या रोमन व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली आहे. सिंहलद्वीपाच्या राजाने त्याला आणि एका पर्शियनाला विचारले, तुमच्यापैकी कोणाचा राजा थोर? पर्शियनाने आपल्या राजाची तोंड भरून स्तुती केली. सोपात्रोस म्हणाला, दोन्ही राजे येथेच आहेत, त्यांची नाणी समोर ठेवा. पर्शियाचे चांदीचे आणि रोमचे सोन्याचे, तेजस्वी नि सुबक. राजाने रोमच्या बाजूने कौल दिला. कॉस्मास मोठ्या अभिमानाने म्हणतो, की जगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हे नाणे चालते आणि ही देवाचीच कृपा. राजाला क्रूस कळला की सोने कळले, हे मात्र तो विचारीत नाही.

क्रूस हाती येऊनही देवी ती देवीच. तिचे रूपांतर झाले ते पहिल्या जस्टिनच्या काळात, ५२० च्या सुमारास. बाजूने चालणारी स्त्री जाऊन समोर तोंड करून उभा असलेला पुरुषवेशातील देवदूत आला. उजव्या हाती उंच क्रूस, डाव्या हाती क्रूस बसवलेला पृथ्वीगोल. मिल्वियन पुलापासून दोनशे वर्षे लोटली होती. भोवतीचा लेख तरीही बदलला नाही. देवदूताच्या कडेने अजून 'सम्राटांचा विजय' लिहिलेलेच होते. पुढे दुसऱ्या जस्टिनने सिंहासनावर बसलेली कॉन्स्टँटिनोपल नगरीची स्त्रीमूर्ती कोरली, तेव्हा लोकांना ती अफ्रोदिती देवीसारखी वाटली, असे एफेससचा योहान हा समकालीन लेखक सांगतो. ५७८ मध्ये एकट्याने राज्य करू लागलेल्या दुसऱ्या टायबेरियसने ती हटवली आणि पायऱ्यांवर उभा केलेला साधा क्रूस आणला. कालवारीच्या टेकडीची ती आठवण. ख्रिस्ताच्या वेळच्या टायबेरियसपासून या टायबेरियसपर्यंत साडेपाचशे वर्षे झाली होती.

आता राहिला चेहरा. ६९२ च्या सुमारास दुसऱ्या जस्टिनियनने सोन्याच्या नाण्याच्या पुढील बाजूस ख्रिस्ताचा चेहरा कोरला : लांब केस, दाढी, मस्तकामागे क्रूस, आशीर्वादाचा हात. लेख होता 'राज्य करणाऱ्यांचा राजा'. सम्राट स्वतः मागच्या बाजूस गेला, क्रूस धरून उभा राहिला आणि त्याने स्वतःला 'ख्रिस्ताचा सेवक' म्हणवले. सातशे वर्षे जी जागा कैसराची होती, ती त्याने सोडली. कराचे नाणे दाखवून आता कोणी विचारले असते, की हा चेहरा कोणाचा, तर काय उत्तर दिले असते?

नाणे पाहून या सेवकाच्या नम्रतेचे कौतुक वाटते; त्याचे चरित्र वाचले की ते ओसरते. त्याच सुमारास त्याने बोलावलेल्या धर्मपरिषदेचे काही नियम पोप पहिले सर्जियस यांनी मान्य केले नाहीत. तेव्हा त्याने पोप महाशयांना धरून आणण्यासाठी झकारियास नावाचा अधिकारी रोमला पाठवला. रावेन्नाचे सैन्य पोपच्या रक्षणार्थ धावून आले. घाबरलेला झकारियास अखेर पोप महाशयांच्याच पलंगाखाली लपला आणि त्यांनीच त्याला वाचवले. त्या परिषदेचा एक नियम असा होता, की ख्रिस्ताला कोकराच्या रूपात न रंगवता मानवी रूपातच दाखवावे. नाण्यावरच्या चेहऱ्याशी त्याचे नाते अनेक अभ्यासक जोडतात. पोप सर्जियस यांनी मिस्सामध्ये भाकर मोडताना 'देवाचे कोकरू' ही प्रार्थना गाण्याचा प्रघात पाडला, आणि काहींना त्यात त्या नियमाला दिलेले उत्तर दिसते. जस्टिनियनला ६९५ मध्ये लोकांनी नाक कापून हाकलले. दहा वर्षांनी तो परतला, सूड उगवला, आणि पुन्हा ख्रिस्ताचाच चेहरा कोरला. पण या वेळी आखूड कुरळ्या केसांचा, वेगळाच. ७११ मध्ये तो मारला गेला. ख्रिस्ताला पहिल्याने सोन्यावर आणणारा हात असा होता.

त्याच वर्षांत दमास्कसचा खलिफा अब्द अल-मलिक रोमनांच्याच धर्तीवर नाणी पाडत होता, पण क्रूसाची आडवी दांडी काढून. पायऱ्यांवर नुसता खांब राही. ६९७ च्या सुमारास त्याने सर्वच चित्रे पुसली आणि केवळ अक्षरांचा दीनार काढला. दीनार हा शब्द देनारियसचाच वंशज. कॉन्स्टँटिनोपलमध्येही पुढे मूर्तिभंजनाचा काळ आला. ८४३ मध्ये पवित्र प्रतिमांना पुन्हा मान मिळाला, तेव्हा बाल सम्राट तिसरा मायकेल याच्या नाण्यावर ख्रिस्त परतला, तोही जस्टिनियनच्या पहिल्या नाण्यावरून उतरवलेला.

त्यानंतर तो हटला नाही. घटले ते सोने. चौथ्या मायकेलच्या (१०३४–१०४१) वेळेपासून नाण्यात भेसळ सुरू झाली. सातव्या मायकेलला तर लोकांनी 'पाव कमी' असे टोपणनाव दिले, कारण एका नाण्याला मिळणारा गहू पावाने घटला होता. तिसऱ्या निकेफोरसच्या (१०७८–१०८१) काळी चोवीस भागांत सोने आठ भागांच्या आसपास आले, आणि अलेक्सियसच्या पहिल्या वर्षांत ते जवळजवळ नाहीसेच झाले. ख्रिस्ताचा चेहरा आणि आशीर्वादाचा हात मात्र जागच्या जागी होता. १०९२ मध्ये अलेक्सियसने चलन सावरले, तरी जगाचा जुना विश्वास पुरता परत आला नाही.

ती जागा पुढे व्हेनिसने घेतली. १२८४ पासून पाडलेल्या त्याच्या दुकाटवर एका बाजूस गुडघे टेकलेला ड्यूक संत मार्ककडून ध्वज घेतो आणि दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी वेढलेल्या लंबगोलात ख्रिस्त आशीर्वाद देतो. अरबी समुद्र ओलांडून हे नाणे आपल्या किनाऱ्यावर आले, तेव्हा त्यावरच्या उभ्या आकृत्या पाहून मराठी लोकांनी त्याला 'पुतळी' म्हटले. बायकांनी ती गळ्यात घातली. पुढे सोनारांनी तिच्यावर लक्ष्मीचा ठसा उमटवला, आणि पुतळ्यांची माळ हे नाव तेवढे राहिले.